झाशीचं बेलाचं सरबत आणि कॉर्डियलचा अर्थ

झाशीला जायचं ठरलं ते धाकट्या बहिणीला, मीनलला, परत आणायला. मेहुणे जवळच्या बबीनाच्या लष्करी छावणीत आणि क्वार्टर मिळेपर्यंत ही झाशीत, नगरा भागात, भाड्याच्या घरात एकटी. "ताई, इथे माझं कोणीच नाही गं. मला घेऊन जा," म्हणाली आणि मी कॉलेजात रजा टाकली. काळजी होतीच, पण खोटं कशाला बोलू, झाशी बघायला मिळणार म्हणून आनंदाच्या उकळ्याही फुटत होत्या!

पुण्याहून रेल्वेने जा. स्टेशनबाहेर ऑटोचं भाडं आधी ठरवा आणि उन्हाळ्यात किल्ला सकाळीच उरका. नंतर दगडावर भाकरी भाजता येईल. शहराच्या जुन्या वेशीचं खंडेराव गेट हे नाव ऐकून तर मला माहेरी आल्यासारखं वाटलं. वाटेत गरम कचोरी खा. स्वस्त आणि मस्त.

दुपारी घरी परतलो तर शेजारच्या चाचीजी तांब्याभर बेलाचं सरबत घेऊन दारात उभ्या. "पी लो, लू लग जैहै," उन्हाची झळ लागेल म्हणाल्या आणि उलट पावली गेल्या. एका घोटात जीव थंड झाला. मी इंग्रजीची मास्तरीण, गप्प कशी बसणार? मीनलला म्हटलं, असल्या मायेच्या वागण्याला इंग्रजीत कॉर्डियल म्हणतात. लॅटिनमध्ये कॉर म्हणजे हृदय. आधी ते हृदयाला बळ देणारं औषध होतं, मग गोड पेयही झालं, आणि मनापासून जीव लावणाऱ्या माणसालाही तोच शब्द लागला. आपला 'हृद्य' तसाच की! वैद्यांच्या तोंडी हृदयाला हितकर आणि आपल्या तोंडी हृद्य सत्कार.

"तुझे शब्द राहू देत," मीनल म्हणाली. "रोज सरबत देतात, पण घडीभर बसत नाहीत." बोलता बोलता तिने तांब्या घासला, रिकामं भांडं परत द्यायचं नाही या आईच्या शिस्तीने त्यात साखर भरली आणि तडक शेजारी निघाली. मीही मागोमाग गेले.

तांब्या बघून चाचीजींचा चेहरा उतरला. "बासन लौटाबे की इत्ती जल्दी काय, बिन्नू? हमें लगो, तुमें हमाओ आबो नईं सुहात. बासन उतै रन देतीं, तो लेबे के बहाने बैठबे आ जाते." भांडं तुमच्याकडेच राहिलं असतं तर ते न्यायच्या निमित्ताने बसायला आले असते, असं त्यांचं म्हणणं.

मीनल ओशाळली. आमच्याकडे दुसऱ्याचं भांडं अडकवून ठेवणं म्हणजे बेशिस्त, आणि इथे ते ठेवून घेणं म्हणजे 'या, बसा' म्हणणं. तिने साखर त्यांच्या डब्यात ओतली आणि तांब्या पुन्हा उचलला. "तो ये मेरे पास रहेगा, चाचीजी. शाम को लेने आइए."

चाचीजी आल्या, वर आणखी दोघी शेजारणींना घेऊन आल्या. गप्पा अशा रंगल्या की तांब्या न्यायचं कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.

मीनल स्टेशनवर आली ती मला निरोप द्यायला. गाडीत मला हलकं वाटलं आणि थोडं रडूही आलं. पुण्याला पोचल्यावर तिला फोन लावला. "ताई, नंतर बोलू गं, चाचीजी बसल्यात," म्हणाली आणि ठेवूनही दिला. बहिणीला माझ्याशी बोलायला वेळ नव्हता, आणि इतका आनंद मला कित्येक दिवसांत झाला नव्हता.