पाचव्या दिवसाचा ठेचा

रत्नमाला वाहुळ बाईंची आणि माझी खरी ओळख झाली ती एका बेचव डब्यावर. मी तेव्हा करमाडहून रोज बसने शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात आहारशास्त्राच्या प्रशिक्षणाला येत असे आणि बाई तिथल्या मुख्य आहारतज्ज्ञ होत्या. पहिल्याच आठवड्यात मी एका मधुमेही बाईंना आहाराचा तक्ता लिहून दिला. ओट्स, ब्राऊन ब्रेड, उकडलेली ब्रोकोली. सगळे पुस्तकातून जसेच्या तसे उतरवलेले. वाहुळ बाईंनी तो वाचला आणि घडी करून पर्समध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला टेबलाशी बोलावले आणि डबा उघडला. माझा तक्ता त्यांनी घरी शिजवून आणला होता. ब्रोकोली कुठे मिळाली नाही म्हणून तिच्या जागी कोबी होता.

“घ्या, जेवा. तुम्हीच लिहिलंय,” एवढेच त्या म्हणाल्या. मी खाली मान घालून जेवले. समोर बसून त्याही तेच जेवत होत्या, हे माझ्या लक्षात आले तेव्हा डबा संपत आला होता.

आज बाई पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत, त्यानिमित्त हा गौरवग्रंथ निघतो आहे. शहरातल्या आम्हा आहारतज्ज्ञांचे मंडळ त्यांच्या गारखेड्यातल्या दोन खोल्यांच्या घरात सुरू झाले. मंडळाचे काम पहिल्यापासून बिनपगारी. रविवारी खेड्यांत शिबिरे घ्यायची, नव्या मुलींना शिकवायचे आणि घरच्यांची बोलणी खायची. सुरुवातीला अध्यक्ष व्हायला कोणी तयार नसे. पुढे मंडळ वाढले, पद कार्डावर छापता येऊ लागले, तशी आमच्यातल्या बऱ्याच जणींना समाजसेवेची ओढ लागली. मीही त्यातच होते, उगाच नाकारत नाही.

अशा वेळी सगळीकडे होते तेच आमच्याकडेही होऊ घातले होते: चहा पिता पिता नावे ठरवावीत आणि ‘बिनविरोध निवड’ म्हणून टाळ्या वाजवाव्यात. बाईंना ते मुळीच मान्य नव्हते. बाबासाहेबांच्या चळवळीत वाढलेल्या घरातून त्या आल्या आहेत. मतदानाच्या दिवशी आई नवे लुगडे नेसून निघायची, हे त्या आम्हाला कौतुकाने सांगत. “बिनविरोध म्हणजे कुणाला विचारलंच नाही,” असे त्यांचे म्हणणे. त्यांनी घरचा वनस्पती तुपाचा रिकामा डबा आणला, झाकणाला चीर पाडली आणि मतपेटी तयार केली. बाईंनी वनस्पती तुपाला दिलेली सवलत ही एवढीच.

निवडणुकीचा एक नियमही त्यांनीच घातला. ज्यांना उभे राहायचे आहे, त्यांनी आपणच एखाद्या रुग्णाला लिहून दिलेला तक्ता आठ दिवस स्वतः पाळायचा आणि मतदानापूर्वी काय घडले ते सभेला सांगायचे. तपासणी नाही, साक्षीदार नाही. त्या सांगतील ते खरे धरायचे. नियम ऐकून दोन उत्साही उमेदवार त्याच दिवशी गळाल्या.

बारा वर्षांपूर्वी अध्यक्षपदासाठी नाझनीनताई आणि मी अशा दोघी उभ्या होतो. नाझनीनताई म्हणजे या गौरवग्रंथाच्या आजच्या संपादक. मी पाळायला घेतलेला तक्ता होता दौलताबादच्या रंगनाथबाबांचा. रक्तदाबाचा त्रास, म्हणून मी त्यांना पातळ वरण, दुधीची भाजी, फुलके असे जवळपास बिनमिठाचे जेवण लिहून दिले होते. पुढच्या तपासणीला त्यांच्या पिशवीत कागदात बांधलेला ठेचा सापडला. तेव्हा त्यांच्या सुनेसमोर मी त्यांना नको नको ते बोलले होते. एवढा जिभेवर ताबा नाही का, असेही विचारले होते.

माझा ताबा चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी माहेरी करमाडला गेले. वहिनी चुलीवर भाकरी थापत होती आणि पाट्यावर मिरच्या, लसूण, मीठ नुकतेच वाटून झाले होते. मी बोटाच्या टोकाने ठेचा घेतला. मग भाकरीवर घेतला. मग दुसरी भाकरी घेतली.

सभेत नाझनीनताई आधी बोलल्या. तिसऱ्याच दिवशी घरात बिर्याणी होती आणि आपला तक्ता तिथेच मोडला, असे त्यांनी हसत सांगितले. लोकही हसले. मग मी उठले आणि आठही दिवस पाळले, विशेष जड गेले नाही, असे सांगितले. टाळ्या झाल्या. तीन मतांनी मी निवडून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेढे घेऊन मी बाईंकडे गेले. त्यांनी अर्धा पेढा तोंडात टाकला, चहा पुढे केला आणि शांतपणे म्हणाल्या, “शुभांगी, माझं मत तुम्हाला नव्हतं. नाझनीनला होतं.”

ज्यांनी मला घडवले त्यांचेच मत मला नाही, हे ऐकून मला फार लागले. कारण विचारले. बाई म्हणाल्या, “तिला तिसऱ्या दिवशी भूक आवरली नाही, ते तिनं सांगितलं. पेशंट तिच्याशी खरं बोलतील. तुम्हाला आठ दिवसांत काहीच झालं नाही. मी चारदा पाळून बघितलं, मला एकदाही जमलं नाही.”

मग मात्र मला रडू फुटले आणि मी ठेच्याचे सगळे सांगून टाकले. राजीनामा देते म्हटले. बाईंनी तो धुडकावला. राजीनामा दिला की तुमची सुटका होईल, शिबिरे कोण घेणार, असे विचारले. आधी दौलताबादला जाऊन या, म्हणाल्या. मी दाराशी आले तेव्हा त्या पुढे म्हणाल्या, “सभेला कधी सांगायचं, ते तुमच्याकडं. मी कुणाला सांगणार नाही आणि तुम्हाला आठवणही करणार नाही.”

रंगनाथबाबा सीताफळांच्या बागेत होते. मी माफी मागितली, तर त्यांनी आधी मला पाणी दिले. मग विचारले, “किती दिस टिकल्या मॅडम?” मी म्हटले, चार. “मी दोन,” ते म्हणाले. “लई बोलल्या व्हत्या तुम्ही, सूनबाईसमोर. जाऊ द्या. आता मला खाता येईल असं कायतरी लिहा.” मग बांधावर बसून आम्ही दोघांनी नवा तक्ता केला. त्यात ज्वारीची भाकरी आली आणि भाजलेला लसूण, लिंबू घालून मीठ नावाला असलेला ठेचाही आला. माझ्या हातून लिहिला गेलेला तो पहिला धड तक्ता. त्यानंतरचे सगळे तक्ते मी तसेच, समोरच्याला विचारून लिहिले आहेत.

बाईंनी शब्द पाळला, आणि तो पाळणे सोपे नव्हते. अध्यक्ष झाल्यावर वर्षभरातच मी सभेत ठराव मांडला की हा आठ दिवसांचा नियम जाचक आहे, तो रद्द करावा. कशामुळे मांडला, ते बाईंना आणि मलाच ठाऊक होते. त्या विरोधात बोलल्या. मी त्यांना जुन्या विचारांच्या म्हटले, तेही भर सभेत. एका वाक्यात त्या माझे तोंड बंद करू शकल्या असत्या. त्यांनी फक्त नियमाची बाजू मांडली आणि खाली बसल्या. ठराव पडला. त्याच रविवारी त्या नेहमीप्रमाणे माझ्याबरोबर शिबिराला आल्या आणि प्रवासात स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरी मला दिली. इतका मोठेपणा मी दुसऱ्या कुणात पाहिला नाही. आणि तरीही मी बारा वर्षे गप्प राहिले.

या ग्रंथासाठी नाझनीनताईंनी लेख मागितला, तेव्हा बाईंच्या विद्वत्तेवर, शिस्तीवर, मायेवर मी तीन वेळा लिहिले आणि तीन वेळा फाडले. त्यातले सगळे खरे होते, पण ते लिहिणारी खरी नव्हती. हा चौथा लेख सर्वांत आधी नाझनीनताईंच्याच हाती पडणार आहे, मग मंडळातल्या सगळ्यांच्या. ताई, ती तीन मते माझी नव्हती. यातला एकही शब्द कापू नका. पुढच्या निवडणुकीत तुम्ही उभ्या राहा, सूचक म्हणून माझे नाव घाला.

बाईंना उदंड आयुष्य लाभो. त्यांचे गुडघे, दात आणि जिभेची चव अशीच शाबूत राहो. शंभराव्या वर्षीही त्यांनी आमचे तक्ते शिजवून आम्हालाच खाऊ घालावेत.

बाई, सभेला सांगितलं. फार उशीर केला, पण सांगितलं.