मामीला कळलेला सिनेमा

आमची मामी शहर बस चालवते. अंगाने बारीक आणि उंचीला बेताची, त्यामुळे सीटवर उशी घेऊन बसते. पण अरुंद गल्लीत तिने बस वळवायला घेतली की समोरचे ट्रकवाले निमूट मागे सरतात.

लग्न होऊन या देशात आली तेव्हा हीच मामी दाराची बेल वाजली तरी आतल्या खोलीत जाऊन लपायची. इथली भाषा तिला येत नव्हती. एकदा कोपऱ्यावरच्या दुकानात साबण मागायला गेली आणि शब्द चुकला. आपण नक्की काय मागितलं ते तिला आजही ठाऊक नाही, पण रांगेतली माणसं पोट धरधरून हसली. तेव्हापासून तिने बाहेर पडणंच सोडलं. मामा लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला गेला की ही दोन खोल्यांत भिंतींशी बोलत बसायची.

शेवटी एका सुट्टीला मामाने तिला जवळजवळ ओढतच सिनेमाला नेलं. सिनेमा परक्या मुलखात आलेल्या एका बाईचा होता. ती मोठ्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करते, हात भाजून घेते, मुकादमाची बोलणी मुकाट्याने खाते. मामीला संवादातलं एक अक्षर कळत नव्हतं, तरी ती पापणी न हलवता बघत राहिली. शेवटी ती बाई स्टेशनच्या खिडकीपाशी जाते, आतल्या माणसाशी न अडखळता बोलते, तो मान डोलावतो आणि ती हसत वळते. संपला सिनेमा.

घरी येताना मामीची बडबड थांबेचना. "बघितलंत ना? तिला स्टेशनवर नोकरी लागली! आधी तोंडातून शब्द फुटत नव्हता, आणि शेवटी कशी फडाफडा बोलली!"

"हो ना," मामा म्हणाला.

त्याच आठवड्यात मामीने भाषेच्या वर्गात नाव घातलं. सिनेमा लागलेला होता तोवर ती एकटीच जाऊन पुन्हा पुन्हा पाहून आली. वर्गात खुशाल चुकायची, लोक हसले तर विचारायची, "बरं, मग बरोबर काय ते सांगा." पुढे तिने बस शिकायचं काढलं तेव्हा मामा म्हणाला, "अगं, आधी छोटी गाडी तरी शीक."

"छोटीत चारच माणसं मावतात. भिंतींशी बोलून झालंय माझं. मला आता भरपूर माणसं हवीत."

पहिल्या परीक्षेत नापास झाली, दुसरीत पास. कामावर लागल्यावर एक माणूस बसच्या दारात उभा राहून तिच्यावर खेकसला, "जा ना आपल्या देशात परत!"

"जाईन की," मामी म्हणाली. "पण ही बस तिकडे जात नाही, हॉस्पिटलपर्यंतच जाते. येताय का?"

तो गुपचूप चढला.

आमच्या नात्यातलं कोणीही इथे नवीन आलं की मामी त्याला तो सिनेमा रंगवून सांगायची. मी शिकायला आले तेव्हा मलाही पहिल्याच दिवशी सांगितला होता. मग गेल्या वर्षी वाचनालयाच्या हॉलमध्ये तो जुना सिनेमा दाखवणार असं कळलं. मामी मला आणि मामाला घेऊन निघाली. आता तिला भाषा छान येत होती. सुरुवातीला ती माझ्या कानात काही ना काही सांगत होती, मध्यंतरानंतर गप्प झाली. शेवटी ती बाई खिडकीपाशी गेली आणि म्हणाली, "एक तिकीट द्या. परतीचं नको. मी घरी चाललेय."

दिवे लागले. मामी हलेना. फुटपाथवर आल्यावर म्हणाली, "अहो, ही तर परत गेली!"

"हो."

"नोकरी नव्हतीच लागली तिला?"

"नाही."

"म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

मामाने उगाच मफलर सारखा केला. "किती महिन्यांनी हसली होतीस तू. आणि खरं सांगू? भीती वाटली. म्हटलं, हिला कळलं तर उद्या हीसुद्धा तिकीट काढायला सांगेल."

मामीने त्याच्याकडे असं रोखून पाहिलं की मला वाटलं, आज मामाची धडगत नाही. "इतकी वर्षं मी सगळ्यांना भलतीच गोष्ट सांगत सुटले, आणि तुम्ही शेजारी बसून माना डोलावत होतात?"

"मला तुझीच जास्त आवडली," मामा म्हणाला.

मामीला हसू फुटलं ते थांबेचना. डोळे पुसत म्हणाली, "गेली तर गेली बिचारी. तिची मर्जी. पण इस्त्री काय झकास करायची हो! थांबली असती तर तीच मुकादम झाली असती."

पुढच्या महिन्यात माझी वहिनी इथे राहायला आली. मामीने तिला चहाला बोलावून सिनेमा सांगितला. आधी स्वतःला कळलेला, मग खरा. वहिनीने सगळं ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, "मामी, पण मला इथे काय काम मिळेल?"

मामीने कप बाजूला सारला. "गाडी चालवता येते का?"