आधी वास घ्या, दीदी

माझ्या मुलीला पुरानी बस्तीतून शाळेत नेणारा रिक्षावाला एकेकाळी अट्टल दारुडा होता. पहिल्या दिवशी त्यानेच ते सांगितलं. "दो साल पहले बपतिस्मा लिया, दीदी. तब से छुआ नहीं. फिर भी पहले सूंघ लो, तब बच्ची को बिठाना."

मग हात मागे बांधून, मान ताठ ठेवून तो रोज, मूल बसवायला आलेल्या प्रत्येक आईसमोर मोठा श्वास सोडायचा. मी खरंच वास घेत असे. मुलगी माझी होती. रोज नुसत्या चहाचा वास यायचा.

वर्षभराने मी म्हटलं, "बस, भैया. अब भरोसा है. रोज-रोज काहे शरमिंदा होते हो?"

तो हसला. "शरम काहे की, दीदी? प्रभु ने तो बिना सूंघे माफ कर दिया. अब साफ हूँ, तो दिखाऊँ नहीं?"

दुसऱ्या दिवशी मी वास घेत असतानाच पाऱ्यात, म्हणजे आमच्या मोहल्ल्यात, नवीन आलेली नागपूरची बाई आपल्या पोट्ट्याला घेऊन आली आणि थबकली. "अवो, हे काय करून राहिले तुम्ही?"

"तुम्हीबी घ्या नं वास," मी म्हटलं. "नुसता चहा आहे."

हे सांगताना माझीही मान ताठ झाली होती.