मोफत नजर तपासणी

आधी चहा संपवा. हा किस्सा ऐकताना एका पाहुण्याच्या नाकातून चहा आला होता, तेव्हापासून मी कप रिकामे झाल्याशिवाय सुरुवात करत नाही.

झाले? मग ऐका.

जन्मभर मी लोकांना बनवत आलो. गडाच्या पायथ्याला तिकोणा पेठेत उभं राहून मुंबईच्या पाहुण्यांना ‘किल्ल्याची लिफ्ट दुपारी बंद असते’ असं सांगणारा बाबूचाचा तो मीच. त्यातले काहीजण सावलीत बसून लिफ्ट चालू व्हायची वाटसुद्धा बघत होते. असा मी. आणि मला बनवलं कोणी? एका चष्म्यानं. माझ्याच नाकावर बसून.

माझा सगळा जीव माझ्या स्कूटरवर. कामशेतातल्या घरातून निघायचं, पवनेच्या बाजूला वळायचं, तिकोणा पेठेत धाकट्या बहिणीकडं जेवायचं, धरणाच्या काठाला गळ टाकून बसायचं. मासा लागला तर ठीक, नाही लागला तर शेजारच्याचा मोजायचा. म्हातारपणी माणसाला अजून काय लागतं?

पण एक दिवस घोटाळा झाला. कान्ह्याच्या फाट्यावर एक ओळखीचे पुढारी हात जोडून उभे दिसले. मी गाडी थांबवून सलाम केला. उत्तर नाही. परत केला. तरी उत्तर नाही. मग मात्र मी सुनावलं, “शेठ, निवडून आलात म्हनून येवढी मगरुरी बरी न्हाई.”

तो वाढदिवसाचा फ्लेक्स होता.

आणि मागं कोण बसलं होतं? माझी सून, शबाना. घरी आल्यावर तिनं स्कूटरची चावी काढली आणि स्वतःच्या लाल पर्सच्या चेनला अडकवली. म्हणाली, मोतीबिंदू काढून घ्या आणि मग चावी घ्या, अब्बा. मी म्हणालो, माझी नजर घारीची आहे. ती म्हणाली, मग घारीसारखं उडत जा पेठेला.

खरं सांगू? मला सुईची भीती वाटते. डोळ्याजवळ तर कुणी काजळ आणलं तरी मी पळतो. त्यामुळं चावी पर्सला आणि मी ओट्यावर, असे दिवस चालले.

अशात एकदा स्टेशन रोडला संतोष शेठच्या दुकानात गेलो. हे मोठं दुकान, आपल्या हातानं फळीवरचा माल काढून टोपलीत टाकायचा. दारातच टेबल मांडून एक मुलगी बसलेली. पुढ्यात लॅपटॉप आणि एक जाड काळा चष्मा. मी शेठला विचारलं, ही कोण? शेठ हिशोबात गुंतलेला. मान वर न करता म्हणाला, “पुण्याच्या गौरी मॅडम. गिऱ्हाइकाची नजर तपासतात. फुकट हाय.”

डॉक्टर आहेत का, असं मी विचारलं. तर म्हणाला, अजून व्हायच्यात, पीएचडी चाललीय.

आता मला सांगा, नजर तपासतात, फुकट, आणि डॉक्टर व्हायच्यात. चौथी नापास माणसानं काय समजायचं? मी समजलो, शिकाऊ डॉक्टरीण सरावासाठी शिबिर घेतीय. शिकाऊ म्हणजे तर अजून बरं, बनवायला सोपी.

तिथंच डोक्यात बेत शिजला. डोळ्याच्या डॉक्टरकडं काय करतात? लांबून वाचायला लावतात. मग मी संध्याकाळी दुकानात गेलो आणि फळ्यांना नाक लावून सगळा माल पाठ केला. वर आटा, मधे चहा, खाली पोहे. पलीकडं गूळ, शेवया, माझी खारी बिस्किटं. पाढे पाठ झाले असते तर मास्तर झालो असतो, इतक्या निष्ठेनं केलं. रात्री झोपेतसुद्धा मी ‘खाली पोहे’ म्हणालो, असं नातू सांगतो.

दुसऱ्या दिवशी शबानाला मुद्दाम घेऊन गेलो. साक्षीदार पाहिजे ना.

मॅडमनी मोठ्या अदबीनं खुर्ची दिली. तो चष्मा माझ्या डोळ्यांवर चढवला, कार्डावरच्या ठिपक्याकडं बघा म्हणाल्या, मग दुसऱ्या ठिपक्याकडं. मी शबानाकडं डोळे मिचकावले. मॅडम म्हणाल्या, कृपया मिचकावू नका.

शबानानं सरळ विचारलं, “यांच्या नजरेत दोष असला तर कळेल ना, मॅडम?”

“दोष कुणाचाच नसतो हो, ताई. नजर कुठं थांबते आणि कुठून घसरते, एवढंच आम्ही बघतो.”

“ऐकलंस?” मी म्हणालो. “दोष न्हाई.”

मग मॅडम म्हणाल्या, नेहमीसारखी खरेदी करा. शबाना पर्स खांद्याला लावून पुढं, मी मागं. फळीपासून चांगला लांब उभा राहिलो आणि शाळेत कविता म्हणावी तशी सुरुवात केली. “वरच्या फळीवर आटा. मधे चहा, कडक. खाली पोहे, जाडे.”

दुकान एकदम गप्प झालं. मला वाटलं, थक्क झाले. मी आवाज चढवला. “पलीकडं गूळ! शेजारी शेवया!” मागून कुणाचं तरी हसू फुटलं, ते मी कौतुकाचं धरलं. आता शेवटचा घाव घालायचा म्हणून पुढं झालो, खारीचा पुडा उचलला, फोडला, एक तोंडात टाकली. जरा टणक लागली. पण सगळे बघत होते, म्हणून चावत म्हणालो, “वा. ताजी हाय.”

शबाना हळूच म्हणाली, “अब्बा, ती कुत्र्याची बिस्किटं हायेत.”

मी चष्मा काढून फळीपाशी नाक नेलं. जिथं आटा होता तिथं फिनेल. चहाच्या जागी डासांच्या अगरबत्त्या. जाड्या पोह्यांच्या जागी बाळांचे लंगोट. संतोष शेठ पोट धरून सांगत होता, “चाचा, मॅडमनी राती सगळा माल हलवायला लावला. त्येच तर त्यांचं संशोधन हाय.”

मग मॅडमनी मला बसवून, पाणी देऊन सगळं समजावलं. आणि काय डोकं हो त्या मुलीचं. मोठ्या कंपन्या म्हणे असे चष्मे लावून गिऱ्हाइकाची नजर मोजतात आणि माल कुठं मांडायचा ते ठरवतात. आपल्या तालुक्यातल्या दुकानदाराला हे तंत्र परवडेल का, उपयोगी पडेल का, हे शोधायला ती कामशेतात येऊन उभी राहिली होती. आटा हलवला की गिऱ्हाईक शोधतं, की चिडतं, की दुसरंच काही घेऊन जातं? मी इतकी वर्षं बाजार केला, पण हा प्रश्न मला कधी पडला नाही. शिवाय मला विचारलं, तुमची नोंद ठेवू की पुसून टाकू, तुमच्या परवानगीशिवाय ठेवणार नाही. मी म्हणालो ठेवा, नावासकट ठेवा. तर म्हणाल्या, नाव कुणाचंच देता येत नाही. एवढं एकच मला पटलं नाही.

मी म्हणालो, “पन मॅडम, मी कुटं कुटं बघितलं ते तरी दावा.”

त्यांनी लॅपटॉप फिरवला. दुकानाचं चित्र, आणि जिथं नजर जास्त थांबली तिथं लाल डाग. फिनेलवर डाग नाही. लंगोटांवर नाही. फळीवर म्हणाल तर एक ठिपका नाही. सगळा लालभडक गोळा एकाच जागी. शबानाच्या पर्सवर. चेनला लटकलेल्या चावीवर.

आयुष्यभर मी तोंडानं लोकांना फसवलं. पण ही पोरगी तोंड ऐकतच नव्हती ना.

शबानानं त्या डागावर बोट ठेवलं. मग म्हणाली, “येवढी ओढ हाय, अब्बा? मग सुईला काय भेता? मी हात धरून बसते.”

आणि बसली. ऑपरेशन संपेपर्यंत बसली. सुईपेक्षा तिच्या पकडीनं माझा हात जास्त दुखला. पट्टी निघाली, डॉक्टरांनी गाडी चालवायला हरकत नाही म्हटलं, त्याच दिवशी तिनं चावी माझ्या हातावर ठेवली. फ्लेक्सवरचे पुढारी आता मला फ्लेक्सवरच दिसतात.

पण लॅपटॉप बघायला त्या दिवशी सगळं दुकान जमलं होतं, आणि चावीची गोष्ट त्यातल्या किती जणांना माहीत? गावभर झालं ते एवढंच, की बाबूचाचाची नजर मशीननं तपासली आणि ती बायकांच्या पर्सवर निघाली. सूनबाईंचे उपकार, आता डोळे इतके लख्ख झालेत म्हणून सांगू, स्टेशन रोडच्या त्या टोकाला मला बघून एखादीनं पर्स काखेत दाबली, तरी मला या टोकावरून स्पष्ट दिसते.