पपनसापायी तीन महिने

कोलकात्यातल्या मराठी घरांतली खबर बालीगंजहून डमडमला जायला मेट्रोची वाट बघत नाही, सुलभाकाकू पुरतात. त्यामुळे बेहालातल्या देवयानीला तिच्या नवऱ्याने, उन्मेषने, आपलं एक मूत्रपिंड दिलं ही बातमी दोघांचे टाके सुकायच्या आत महाराष्ट्र मंडळभर झाली होती. बायका आपापल्या नवऱ्यांकडे निरखून बघू लागल्या आणि नवरे पेपरात तोंड खुपसू लागले. "आमच्या ह्यांच्या हातून रिमोट सुटत नाही, मूत्रपिंड कुठलं!" असं वृंदा भर हळदीकुंकवात म्हणाली.

त्याला चार वर्षं झाली. देवयानीने छत्तिशी ओलांडली होती. मूत्रपिंड मुकाट काम करत होतं, आजारपणात बंद झालेली पाळी परत आली होती आणि तिला मूल हवं होतं. मागणं एवढंच. पण दुसऱ्याचं मूत्रपिंड शरीराने परकं म्हणून हाकलू नये यासाठी प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या असतात, आणि तिच्या गोळ्यांतली एक मोठी खाष्ट होती. ती चालू असताना दिवस गेले, तर गर्भ पडायची भीती. टिकलाच तर बाळाच्या कानात, ओठात व्यंग राहायची. डॉक्टर सेनगुप्तांनी ती बंद करून दुसरी, गरोदरपणात चालणारी, सुरू केली.

"देबजानी," बंगाली वळणाने तिचं नाव घेत ते म्हणाले, "आता तीन महिने रिपोर्ट जागचे हलता कामा नयेत. मग मी हो म्हणतो. तोवर काळजी घ्यायची."

देवयानीने घड्याळालाच जुंपून घेतलं. सकाळी नऊ, रात्री नऊ, गोळी पाच मिनिटंही इकडची तिकडे नाही. मंडळात गेली की सुलभाकाकू तिच्या तोंडाकडे न बघता पोटाकडे बघत बोलायच्या.

"काय गं, काही विशेष?"

"विशेष कुठलं, काकू? वरणभात, भाजी."

पहिला रिपोर्ट चांगला आला. दुसराही. उन्मेष तर कॅलेंडरवर महिने मोजून बाळाची नावं काढायला बसला. आणि दुर्गापूजेच्या तोंडावर तिसरा रिपोर्ट आला. जी जुनी गोळी गरोदरपणातही सोडायची नव्हती, तिचं रक्तातलं प्रमाण दुपटीवर गेलेलं, क्रिएटिनिनही चढलेलं. म्हणजे मूत्रपिंडावर ताण.

"चुकून दोनदा नाही ना घेतलीस?" उन्मेषने जपून विचारलं.

"घेतली. एकदा माझ्या वाटची, एकदा तुझ्या वाटची."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनीही तेच विचारलं, तेव्हा ती रडकुंडीला आली. चार वर्षांत एक गोळी चुकवली नाही, बाहेरची पाणीपुरी नाही, कोणाच्या बारशाला गर्दीत गेली नाही. आता आणखी काय सोडायचं, श्वास?

"बरं, खाता काय ते सांगा," डॉक्टर म्हणाले. "सकाळपासून."

ती चिडूनच सांगू लागली. पोहे. पोळीभाजी. दुपारी वाटीभर पपनस. इथे त्याला बाताबी लेबू म्हणतात.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "रोज?"

"महिनाभर रोज. सासूबाई सोलून देतात."

गोळ्यांसोबत काय खायचं नाही त्याचा कागद दवाखान्याने पहिल्याच वर्षी दिला होता. त्यात ग्रेपफ्रूट होतं. ते फळ बेहालाच्या बाजारात कोणी पाहिलेलं नव्हतं, म्हणून त्या ओळीची घरात कोणाला काळजीच नव्हती. पपनस त्याचाच सख्खा भाऊबंद, ती जुनी गोळी रक्तात तशीच साचवून ठेवणारा. पण कागदावर त्याचा पत्ता नव्हता.

"मग कागदावर लिहा ना!" देवयानीचा आवाज बाहेरच्या बाकड्यापर्यंत गेला. "इथे दारादारात ज्याचं झाड आहे ते लिहायचं सोडून परदेशी फळं कसली लिहिता?"

डॉक्टरांनी पेन पुन्हा उचललं. पपनस बंद, दर आठवड्याला पुन्हा रक्त, आणि रिपोर्ट जागेवर आला की तिथून नवे तीन महिने, एवढं लिहून दिलं.

घरी कालिंदीबाई, म्हणजे सासूबाई, वाटी तयार ठेवून बसलेल्या. त्यांचं सगळं शास्त्र साधं होतं: गोळ्या उष्ण पडतात, उष्णतेने गर्भ धरत नाही, आणि पपनस थंड. शेजारच्या घोषबाईंच्या झाडाचं एकेक पपनस त्या गोड बोलून मागून आणत, पांढरी साल काढून गर मोकळा करत, वर साखर-मीठ भुरभुरवत. देवयानीने वाटी उचलली आणि मोरीत पालथी केली. मग कारण सांगितलं.

कालिंदीबाईंनी मोरीत पाणी ओतलं. "मला वाटलं, तुझी कूस निववतेय मी."

देवयानीला ओरडायचं होतं. पण ओरडणार कोणावर? म्हाताऱ्या हातांनी महिनाभर फळं सोलणाऱ्या बाईवर? राग गिळावा लागला, आणि त्या रागाचाच तिला जास्त राग आला.

तेवढ्यात सुलभाकाकूंचा फोन आला. कालिंदीबाईंनीच उचलला. "विशेष आहे गं, सुलभा. मी सुनेला नको ते फळ चारलं, म्हणून त्यांचं तीन महिने लांबलं. यापुढे विचारायचं तर मला विचार. तिला नाही."

देवयानीने कपाळावर हात मारला. संध्याकाळपर्यंत तिला सात फोन आले. एकीने डाळिंब सुचवलं, एकीने गुलकंद, आणि मीनाताईंनी सगळ्याच गोळ्या सोडून बघ म्हणून सांगितलं.

दोन आठवड्यांनी रिपोर्ट जागेवर आला. उन्मेष कॅलेंडर घेऊन बसला. "म्हणजे बघ, जानेवारीत..."

"मोजू नकोस," देवयानी म्हणाली. "मागच्या वेळी मोजलं होतंस."

त्याने कॅलेंडर भिंतीकडे फिरवून ठेवलं. ती नऊची गोळी घ्यायला उठली.