आतून कडी लागणारी खोली

ओहायोतल्या त्या माजी सैनिकांच्या दवाखान्यात डार्लीन हॅकेटच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती. बाई सदुसष्ट वर्षांची, लष्करात दहा वर्षं ट्रक हाकलेली, आता चौकशीच्या टेबलामागे बिनपगारी बसणारी. एखाद्यानं चुकून विचारलं, "बाई, तुमचे मिस्टर कुठल्या पलटणीत होते?" की त्याची धडगत नसे. "मिस्टर पोस्टात शिक्के मारत होते. पलटणीत मी होते!"

गेल्या महिन्यात नव्या कायद्यामुळे दवाखान्यात बाळाला पाजायला एक खोली झाली. संडास नव्हे, चांगली खोली. आतून कडी, आरामखुर्ची, दारावर पाटी. डार्लीनला तिचं भारी कौतुक. तिनं स्वतः थोरल्याला छावणीच्या संडासात, कमोडचं झाकण पाडून पाजलं होतं. रोज सकाळी ती जाऊन खुर्ची पुसून यायची. पण तीन आठवडे झाले तरी एकही आई तिकडे फिरकली नव्हती, आणि ते तिला मनातून खुपत होतं.

मंगळवारी एक जोडपं आलं. दाढीवाला धिप्पाड गडी, शेजारी किडकिडीत पोरगी, तिच्या कडेवर रडून लालबुंद झालेलं बाळ. या दवाखान्यात नावाच्या आधी ओळखक्रमांकाचे शेवटचे चार आकडे विचारतात. डार्लीन उत्साहानं गड्याकडे वळली.

"शेवटचे चार सांगा, जवान!"

गडी हसला. "माझे कशाला? मी बेकरीत केक भाजतो, बाई. फौजी ही आहे."

पोरगी मात्र हसली नाही. "चल, घरी जाऊ," ती नवऱ्याला म्हणाली. "दोनदा याच्या भुकेपायी खांद्याचा उपचार अर्धा टाकून गेले. आज तर दारातच माशी शिंकली."

डार्लीनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या गोष्टीसाठी जन्मभर लोकांना फाडून खाल्लं, तीच आपण करून बसलो! दुखऱ्या गुडघ्यांनिशी ती टेबलाला वळसा घालून धावली.

"थांब गं पोरी. चुकलं माझं. मीही फौजीच, आणि तरी अक्कल गहाण टाकली. हव्या तेवढ्या शिव्या घाल, पण आधी त्याला पाज. खोली आहे इथं."

पोरगी घुटमळली. "कडी आहे?"

"आतून."

दार लागलं. जरा वेळानं रडं थांबलं. डार्लीन बाहेर खुर्ची टाकून बसली आणि केकवाल्याला म्हणाली, "तुम्ही पण गप बसा हं, झोपेल आता."

झोपलंच ते. बापाच्या छातीवर त्याला टाकून पोरगी उपचाराला गेली, ती पाऊण तासानं खांदा फिरवत परतली.

"आज पहिल्यांदा शेवटपर्यंत थांबले," ती म्हणाली. "पुढचा मंगळवार लिहा. मारिसा व्हीलन, हेलिकॉप्टर मेकॅनिक."

डार्लीननं लिहून घेतलं. डोळे भरून आले होते, ते तिनं लपवलेही नाहीत.