आठ ताक्यांची वाट

कतारगामात आम्ही ज्यांच्या घरी भाड्याने राहायचो, त्या घरमालकीणबाईंना सगळी गल्ली बा, म्हणजे गुजरातीत आई, म्हणायची. त्यांचा मुलगा कॅलिफोर्नियात मोटेल चालवायचा. तो सारखा बोलवायचा आणि बा सारखं टाळायच्या. गुडघे दुखायचे. तिकडे जाऊन गाडीतच बसून राहायचं, तर इथे काय वाईट आहे, असं त्यांचं म्हणणं.

मग एकदा मुलाने एक रंगीत माहितीपत्रक पाठवलं. तिथल्या समुद्रकाठच्या रेडवूडच्या जंगलाचं, सरकारने राखलेलं. एका फोटोत सात-आठ माणसं हात पसरून एका बुंध्याला वेढा घालायला बघत होती आणि तरी वेढा पुरत नव्हता. तो फोटो बांनी उजेडात नेऊन पाहिला. अमेरिकेतलं काहीतरी बघावं असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं असावं. त्यांनी मला हाक मारली. मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मीच पहिली, म्हणून इंग्रजी मला येतच असणार, असा बांचा विश्वास होता. माझा तेवढा नव्हता.

"दीकरी, बराबर वांच. झाडापर्यंत चालायचं किती?"

मी दोनदा वाचलं. सपाट वाट, जाऊन-येऊन अर्धा मैल. पण अर्धा मैल, म्हणजे आठशे मीटर, पायांना किती, ते मला सांगता येईना. माझ्या वाचण्याच्या भरवशावर एक म्हातारी बाई एवढ्या लांब जाणार, म्हणून मी तिसऱ्यांदा वाचलं.

तेवढ्यात आबा, म्हणजे माझे वडील, कापडाच्या लूमवरून पाळी संपवून आले. घरी ते अहिराणीच बोलायचे.

"शंभर मीटरना एक ताका," मीटरचा आकडा ऐकून ते म्हणाले, "म्हंजे आठ ताका व्हतीन."

बांना ते लगेच कळलं. त्यांच्या यजमानांचे एकेकाळी चार लूम होते. नवी सून म्हणून आल्या तेव्हा कापडाचे ताके घड्या घालून रचायचं काम त्यांच्याकडेच होतं.

"आठ ज ताका?" त्या हसल्या. "आठ ताके तर मी जेवणाआधी घडी करायची!"

"घडी करायची नाही बा, चालायचंय," मी म्हटलं.

"तो चालीने जोईए." मग चालून बघायचं ठरलं.

रविवारी सकाळी आबांनी आईचं जुनं लुगडं घेतलं. एक टोक माझ्याकडे, एक त्यांच्याकडे, असं आम्ही फाटकापासून गल्ली मोजत निघालो. पानवाल्याने विचारलं, "मंडप बांधताय? कोणाचं लग्न?"

"लग्न नाही," आबा म्हणाले, "अमेरिकेचा रस्ता मापतोय."

महादेवाच्या देवळापर्यंत दोन ताके भरले. म्हणजे दोनदा जाऊन यायचं. संध्याकाळी बा निघाल्या. देवळापर्यंत पोचल्या, परतताना पानवाल्याच्या बाकड्यावर बसल्या त्या उठेचनात. चेहरा उतरला होता.

"दीकराला लिही, येत नाही म्हणून. मारे कोईने माथे पडवुं नथी." कुणावर ओझं होऊन जायचं नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

मी पत्र लिहिलं नाही. माहितीपत्रक पुन्हा काढलं. वाटेत बाकं आहेत का, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि आहेत असं सांगायचं धाडस मला होईना. मग शेवटच्या पानावरचा एक बारीक फोटो दिसला. वाटेच्या कडेला एक झाड आडवं पडलं होतं आणि त्यावर एक जोडपं बसून डबा खात होतं. मी तो बांसमोर धरला.

"बाकाचं लिहिलेलं नाही, बा. पण यावर लोक बसतात."

बांनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं. "बसायची मनाई नथी?"

"तसं कुठे लिहिलेलं नाही."

"पडलेलं झाडच एवढं मोठं," त्या पुटपुटल्या. पत्राचं पुन्हा बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बसणं धरूनच चालायला सुरुवात केली. देवळाच्या ओट्यावर थोडा वेळ टेकायचं, मग आपणहून उठायचं. मी पुढे केलेला हात त्या बाजूला सारायच्या. थंडी ओसरेपर्यंत दोन्ही फेऱ्या होऊ लागल्या. गुडघा दुखायचा थांबला नव्हता. तो दुखतच होता आणि त्या चालत होत्या.

मग एक दिवस म्हणाल्या, "चाल, चोक बजार."

जन्मभर चपलेत काढलेल्या बा बुटांच्या दुकानात बसल्या. दुकानदाराने पांढरे कॅनव्हासचे बूट पायात घातले. साडी दोन बोटं वर धरून त्या दुकानात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेल्या, वळल्या, पुन्हा आल्या.

"पॅक करू, बा?" त्याने खोका उघडला.

"खोखुं रहेवा दे," बा म्हणाल्या आणि चपला माझ्या हातात देऊन पायऱ्या उतरू लागल्या.